मदत हवी आहे : मधल्या पदाची फोड होतच नाही

घाईत
गुणाकार ९ आणि बेरीज −७ येईल अशा दोन संख्या सांगा. मला सापडत नाहीत. फोड झाली नाही की पुढचं सगळंच अडतं. पुस्तकात मागे दिलेल्या उत्तरात वर्गमूळ वगैरे काही नाही, साधे पूर्णांक आहेत. उद्या सकाळी हवंय. कृपया 'आधी सामाईक अवयव काढा' सांगू नका, ते पाहून झालंय.

कोनमापक
अशा पूर्णांक संख्या नाहीत. −१ आणि −९ यांची बेरीज −१०, −३ आणि −३ यांची −६. राशी छापलीय तशी पूर्ण लिहा.

सूत्रधार
मी तर म्हणतो, फोड शोधत बसूच नये. सरळ सूत्र लावा. विवेचक ४९ − ३६ = १३, मुळं (७ + √१३)/२ आणि (७ − √१३)/२. झाले अवयव. फोड कधी जमते कधी नाही, सूत्र कायम जमतं.

घाईत
वर्गमूळ नाही म्हणून वर लिहिलंय. सूत्र मलाही येतं.

खडूफळा
स्थिरपद नक्की ९ आहे का? −८ असेल तर −८ आणि १, बेरीज −७. छपाईत असे घोळ होतात.

घाईत
घोळ नाहीये. क्ष^४ − ७क्ष^२ + ९. क्ष^२ = म धरलं की वर्ग त्रिपदीच उरते, म्हणून वेगळं लिहिलं नाही.

कोनमापक
अहो, मग हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! इतका वेळ सगळे भलत्याच राशीवर डोकं चालवतायत.

शेषबाकी
चौथा घात असेल तर अवयव सिद्धांत (क्ष च्या जागी अ ठेवून शून्य आलं तर क्ष − अ हा अवयव), दुसरं काही नको. स्थिरपदाचे विभाजक ±१, ±३, ±९. सगळे घात सम, म्हणून धन-ऋण एकच. १ ठेवून ३ येतात, ३ ठेवून २७, ९ ठेवून ६००३. शून्य कुठेच नाही. म्हणजे अवयव पडत नाहीत. मागचं उत्तर चुकीचं आहे, विषय संपला.

कोनमापक
@शेषबाकी, इतक्यात संपवू नका. तुम्ही दाखवलंत ते इतकंच, की परिमेय सहगुणकांचा एकघाती अवयव नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घातापर्यंत तेवढं पुरतं, कारण तिथे अवयव पडले तर त्यातला एक तरी एकघाती असतोच. चौथ्या घातात दोन द्विघाती अवयव असू शकतात. क्ष^४ + ४ घ्या. याला वास्तव मूळच नाही, तरी (क्ष^२ + २क्ष + २)(क्ष^२ − २क्ष + २) होतं. ही सोफी जर्मेनची नित्यसमानता.

शेषबाकी
ते एक ठेवणीतलं उदाहरण झालं. परीक्षेत असलं कोण देतं?

निर्गुण
अ^३ + ब^३ + क^३ − ३अबक = (अ + ब + क)(अ^२ + ब^२ + क^२ − अब − बक − कअ). हे पाठ असलं की अवयवांची भीतीच जाते.

घाईत
इथे घन कुठे आहे???

खडूफळा
पूर्ण वर्ग करा आणि मग वर्गांची वजाबाकी.

घाईत
तेही करून झालंय. (क्ष^२ + ३)^२ − १३क्ष^२. परत तोच १३. म्हणून तर इथे विचारलं.

कोनमापक
+३ का घेतलंत? ९ हा −३ चाही वर्ग आहे. (क्ष^२ − ३)^२ म्हणजे क्ष^४ − ६क्ष^२ + ९. तुमच्याकडे −७ आहे, म्हणजे आणखी एक क्ष^२ वजा करायचा :
(क्ष^२ − ३)^२ − क्ष^२ = (क्ष^२ − क्ष − ३)(क्ष^२ + क्ष − ३).
अशा राशीत दोन्ही चिन्हं तपासायची. वजा होणाऱ्या क्ष^२ चा सहगुणक ज्या चिन्हाने पूर्ण वर्ग येईल, ते चिन्ह घ्यायचं.

खडूफळा
चिन्हांचा गोंधळ नको असेल तर (क्ष^२ + पक्ष + ३)(क्ष^२ − पक्ष + ३) लिहून गुणाकार करा. क्ष^२ चा सहगुणक ६ − प^२ = −७, म्हणजे प^२ = १३, सोडून द्या. मग ३ च्या जागी −३ : −६ − प^२ = −७, प = १. मला हेच बरं वाटतं, आठवावं काही लागत नाही.

सूत्रधार
गंमत बघा, क्ष^२ − क्ष − ३ चा विवेचक १ + १२ = १३. मूळ (१ + √१३)/२, त्याचा वर्ग बरोबर (७ + √१३)/२. म्हणजे माझं उत्तर चूक नव्हतंच.

कोनमापक
चूक कोण म्हणतंय? प्रश्न पूर्णांक अवयवांचा होता. आणि तुमचं सूत्र तरी काय? श्रीधराचार्यांची रीत : समीकरणाला ४अ ने गुणा, ब^२ मिळवा, पूर्ण वर्ग तयार. सूत्राला मोठं म्हणताय, पण पोटात पूर्ण वर्गच आहे.

सूत्रधार
तो वर्ग दर वेळी कशाला करायचा, म्हणूनच तर सूत्र.

घाईत
झालं, जुळलं. पुढचं क्ष^४ + ३क्ष^२ + ४ होतं, तिथे +२ नेच पडले : (क्ष^२ + क्ष + २)(क्ष^२ − क्ष + २). आता क्ष^४ + क्ष^२ + २५ राहिलंय.

शेषबाकी
त्याचे तरी पडत नसणार. सगळीच पदं धन आहेत, राशी शून्य होणारच नाही.

खडूफळा
+५ घ्या. १० − प^२ = १.