प्रति: घातांकी वाढ कशी ओळखायची?

उत्पन्नाचा आलेख वर वळला की वाढ घातांकी, म्हणजे दरवर्षी त्याच टक्क्याने होणारी, हे म्हणणं अपुरं आहे. १००, १२१, १४४, १६९, १९६ हे आकडे मांडून बघा. रेघ वरच वळते, दरवर्षीची भर २१, २३, २५, २७ अशी वाढतेही. पण टक्केवारी २१ वरून १९, १७ आणि १६ पर्यंत उतरते. ही घातांकी वाढ नव्हे.

उभा अक्ष लॉग स्केलवर घ्या, म्हणजे १, १०, १००, १००० या खुणा सारख्याच अंतरावर येतील. वाढीचा टक्का टिकला तर सरळ रेघ येते, घटत असेल तर ती चढता चढता आडवी होत जाते. मात्र तीन-चार वर्षांवरून निष्कर्ष काढू नका, कळकळीने सांगतोय. १०० वर दरसाल २० ची भर आणि २० टक्के वाढ यांत तिसऱ्या वर्षअखेरीस फरक १६० आणि १७३ एवढाच असतो. दहाव्या वर्षी तोच ३०० आणि ६१९ होतो.