कलाकाराची पत्रं, बिलं, टेपा: जपायची की त्याच्याबरोबर जाऊ द्यायची?

शाईचा_डाग
मुलं झोपली की रात्री तासभर मी एक काम करते, दोन वर्षं झाली, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. अमेरिकेतली स्मिथसोनियन ही सरकारी संग्रहालयांची मोठी संस्था, ते लोक त्यांच्याकडची जुनी हस्तलिखितं स्कॅन करून ठेवतात आणि कुणीही घरबसल्या ती वाचून टाइप करून देऊ शकतं, २०१३ पासून ही सोय आहे. मी त्यातले चित्रकारांचे कागद घेते. हे कागद मुळात आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टचे. १९५४ मध्ये डेट्रॉइटच्या म्युझियमचे संचालक एडगर रिचर्डसन आणि लॉरेन्स फ्लाइशमन नावाचे एक संग्राहक यांनी ही संस्था काढली, कारण अमेरिकन चित्रकारांवर काही लिहायचं म्हटलं तर कागद अख्ख्या देशात विखुरलेले, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गॅरेजमध्ये. सुरुवातीला कागद उसने आणून मायक्रोफिल्म करून परत करायचे. १९५८ पासून कलाकारांना समोर बसवून बोलतं करायला आणि ते टेप करायला लागले, १९७० मध्ये संस्था स्मिथसोनियनमध्ये गेली, आणि आज तिथे दोन कोटींच्या वर पत्रं, डायऱ्या, फोटो, हिशेबाच्या वह्या वगैरे आहेत.

त्यातलं एकच सांगते. जुलै १९५६, चित्रकार ली क्रॅसनर पॅरिसला गेलीये, नवरा, चित्रकार जॅक्सन पोलॉक, इकडे अमेरिकेत घरी, दोघांचं बिनसलेलं. तिने तिथून पत्र लिहिलंय. लूव्र बघून दिपून गेलेय, तू बरोबर असायला हवा होतास, गुलाब फार सुंदर गडद लाल होते, गिप आणि अहाबची (त्यांची कुत्री) माझ्यातर्फे पापी घे. आणि मग, जॅक्सन, तू कसा आहेस? तीन आठवड्यांनी, ११ ऑगस्टला, तो गाडीच्या अपघातात गेला. पोलॉकवर आजवर काय काय छापून आलं असेल, पण त्या घराच्या आत मला या एका कागदाने नेलं.

माझं म्हणणं असं की सगळं जपावं, किराणाची यादीसुद्धा, आणि माणूस जिवंत असतानाच सुरुवात करावी. गेल्यावर घर रिकामं करायला आठ दिवस मिळतात आणि तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

उत्तरायण
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण तुम्ही दिलेल्या उदाहरणानेच मला अस्वस्थ केलं. ते पत्र तिने नवऱ्याला लिहिलं होतं. तुम्हाला नाही, मला नाही. चित्र काढणाऱ्याने जगाला चित्र दिलं, तेवढंच त्याने दिलं, बाकीचं आपण त्याच्या कपाटातून घेतोय. आपल्या घरातलं कुणी गेलं आणि शेजारी त्याची ट्रंक उघडून वाचत बसले तर आपण काय म्हणू? मग चित्रकार झाला म्हणून नियम बदलतो का?

आणि कलाकार स्वतः काय करतात ते बघा ना. चित्रकार ॲग्नेस मार्टिनने स्वतःची सुरुवातीची चित्रं हाती लागतील तशी नष्ट केली. तिला तो काळ लोकांपुढे नको होता. ते तिचं काम, तिचा हक्क. तुमच्या हिशेबाने तिला कुणीतरी अडवायला हवं होतं. मला ते पटत नाही.

शाईचा_डाग
मार्टिनला अडवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. जिवंत माणसाने फाडलं तर ते त्याचं. पण क्रॅसनरचंच घ्या, पोलॉकनंतर ती २८ वर्षं जगली, १९८४ पर्यंत. फाडायचं असतं तर काडेपेटी घरात होतीच. तिने ठेवलं. ठेवण्यालाही काही अर्थ असतो असं मला वाटतं.

आणि मधला रस्ता असतो की. चित्रकार जॉर्जिया ओकीफने तिची आणि नवरा, फोटोग्राफर स्टिग्लिट्झ, याची पत्रं येल विद्यापीठाला दिली पण अट घातली की माझ्यानंतर वीस वर्षं उघडायची नाहीत. ती १९८६ ला गेली, २००६ ला उघडली, पंचवीस हजारांच्या वर पानं निघाली! तिने लाजही राखली आणि कागदही राखले. पण असं ठरवायला आधी कुणीतरी जिवंतपणी विचारायला लागतं हो.

कोकणकडा
मी स्वतः चित्रं काढतो, जेजेत शिकलो, त्यामुळे थोडं वेगळं बोलतो. मला खाजगीपणाची एवढी चिंता नाही, मला खोटेपणाची आहे. म्हातारा कलाकार टेपसमोर बसला की तो आठवत नसतो, घडवत असतो. माझ्या एका सरांनी त्यांची पहिली नोकरी सुटल्याची हकीकत मला तीन वेळा सांगितली, तिन्ही वेळा वेगळी, आणि तिन्ही वेळा त्यांचे डोळे भरून आले. खोटं बोलत नव्हते ते. पण यातली एक टेप झाली असती तर तीच पुढे इतिहास म्हणून छापली गेली असती, तळटीप वगैरे देऊन.

दुसरं म्हणजे कोणाचं जपलं जातं? ज्याचं चित्र विकलं जातं त्याचं. पोलॉकच्या कागदांना घर मिळणारच होतं, त्यासाठी कुणाला रात्रीचा दिवस करावा लागणार नाही. तेवढेच पैसे आज तिशीतल्या पोराला स्टुडिओचं भाडं म्हणून द्या, तो चित्रं काढेल. मेलेल्यांच्या रद्दीला थंड खोली आणि जिवंत माणसाला छप्पर नाही, हे मला बघवत नाही.

टेपरेकॉर्डर
कोकणकडा, ज्याचं विकलं जातं त्याचंच जपलं जातं हे पूर्ण खरं नाही, आणि याचं फार चांगलं उदाहरण अमेरिकेतच आहे म्हणून जरा लांबण लावतो.

मंदीच्या काळात, १९३५ ते ४३, तिथल्या सरकारने बेकार चित्रकारांना आठवड्याच्या पगारावर ठेवलं होतं, न्यूयॉर्कमध्ये साधारण २३ डॉलर ८६ सेंट मिळायचे. पोलॉक, क्रॅसनर, रॉथको सगळे त्या हजेरीपटावर होते आणि ज्यांची नावं आज कुणी घेत नाही असेही हजारो. युद्ध आलं, योजना गुंडाळली. गोदामातले कॅनव्हास सरकारने भंगारात काढले, वजनावर! एका प्लंबरने ते पाइपांभोवती गुंडाळायला घेतले, पण पाइप तापले की रंगाचा असा वास सुटायचा की तो बेत सोडावा लागला. मग ते गेले कॅनाल स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात आणि तिथे दोन-चार डॉलरला एक असे विकले गेले. ज्यांना कळलं ते धावत गेले, बाकीचं गेलं ते गेलंच.

आता बघा, चित्रंच गेली. मग त्या माणसांचं उरलं काय? १९६३ ते ६५ मध्ये याच आर्काइव्हने त्या योजनेतल्या लोकांना गाठून चारशेच्या आसपास मुलाखती टेप केल्या. नुसते नामवंत नाहीत, भित्तिचित्रांवर काम केलेले, ऑफिस सांभाळलेले, सगळे. तेव्हा ते पन्नाशी-साठीत होते. वीस वर्षं थांबले असते तर कोणाला विचारणार होते?

आठवणीत खोट असते हे मान्यच. पण तारखेसाठी मुलाखत ऐकूच नये, तारीख पगारपत्रकात बघावी. मुलाखत ऐकायची ती माणूस कुठे थांबतो, कुठे विषय बदलतो त्यासाठी. तुमच्या सरांच्या तिन्ही हकीकती असत्या तर मी तिन्ही ऐकल्या असत्या, आणि तिन्ही वेळा डोळे का भरले तेच मला सगळ्यात मोलाचं वाटलं असतं.

कोकणकडा
हे उदाहरण माहीत नव्हतं. पाइपांचं वाचून पोटात ढवळलं. पण यातून माझाच मुद्दा निघतो ना? चित्रं जपली असती तर मुलाखतींची वेळच आली नसती. आधी काम वाचवा, बोलणं नंतर.

वाळवंटी
न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला राहते. इथून जवळ फ्लशिंगला युटोपिया पार्कवेवर जोसेफ कॉर्नेल हा कलाकार राहायचा, आई आणि आजारी भावाबरोबर, छोट्या लाकडी घरात, १९२९ पासून १९७२ ला जाईपर्यंत. तो लाकडी खोकी करायचा, आत नकाशांचे तुकडे, काचेचे पेले, बाहुल्या. त्याची डायरी म्हणजे वही नव्हेच, पाकिटांच्या पाठीवर, हाताला येईल त्या चिटोऱ्यावर लिहायचा. कोकणकडा, त्याच्या बाबतीत काम कुठे संपतं आणि कचरा कुठे सुरू होतो ते तुम्ही सांगा. बेसमेंटमध्ये कात्रणांचे ढीग, तेच त्याचं सामान. "आधी काम वाचवा" म्हणून कुणी फक्त खोकी उचलली असती तर अर्धा कॉर्नेल फुटपाथवर गेला असता.

आणखी एक. आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाच्या फेलोशिपवर इथेच आले होते. बोलायचे किती कमी ते सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या त्या दिवसांबद्दल एक तासाची टेप असती तर मी काय वाट्टेल ते दिलं असतं. म्हणून उत्तरायण यांचं सगळं पटूनही मी शाईचा_डाग यांच्याच बाजूने.

उत्तरायण
गायतोंडे बोलले नाहीत, कारण त्यांना बोलायचं नव्हतं! आपण त्यांच्या चित्रासमोर गप्प उभं राहतो तेव्हा काय कमी पडतं? तुम्हाला टेप हवी आहे ती तुमच्या प्रेमापोटी, मला कळतं, पण आपलं प्रेम म्हणजे त्यांची परवानगी नाही.

आणि पुढचा विचार करा. क्रॅसनरच्या वेळी कागद होता, ठेवायचा की फाडायचा ते हाताने ठरवता यायचं. आजच्या चित्रकाराचं सगळं ईमेलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर. वारसाने पासवर्ड दिला की डॉक्टरचे रिपोर्ट, मैत्रिणीशी भांडण, कर्जाचे हप्ते सगळं एका गठ्ठ्यात आर्काइव्हला. त्याने काही ठेवायचं म्हणून ठेवलेलं नाही, फक्त पुसायला वेळ झाला नाही. "ठेवण्यालाही अर्थ असतो" हे तुमचं वाक्य तिथे लागू होत नाही.

शाईचा_डाग
हा मुद्दा खरा आहे, यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. सगळं जपा असं मी वर लिहिलं त्यातला "सगळं" मी मागे घेते, ईमेलच्या बाबतीत तरी. कागदाच्या बाबतीत घेत नाही.

कोकणकडा, तुमचे सर अजून आहेत का? असतील तर ती हकीकत चौथ्यांदा ऐका आणि त्यांना विचारून फोन रेकॉर्डिंगला समोर ठेवा. नाही म्हणाले तर ठेवू नका.

कोकणकडा
आहेत. ८६ वर्षांचे. ऐकू कमी येतं पण बोलतात भरपूर. विचारून बघतो, पण भाड्याचा मुद्दा मी सोडलेला नाही, त्यावर कुणीच बोललं नाहीये.