वार (प्लासेंटा) खाली आहे, आधीचं सिझर आहे: कळांची वाट का बघायची नाही?

प्रश्न: वहिनीला ३२वा आठवडा चालू आहे. पहिली खेप सिझरची. आताच्या सोनोग्राफीत वार समोरच्या भिंतीवर आहे आणि गर्भपिशवीचं तोंड पूर्ण झाकलंय. अंगावरून काही जात नाही, दुखतही नाही. तरी डॉक्टर दिवस भरायच्या आधीची तारीख धरायला सांगतात. वार अजून वर सरकणार नाही का?

प्रतिसाद १: विसाव्या आठवड्यात खाली दिसलेली वार बहुतेकींची वर जाते. पण ३२व्या आठवड्यातही तोंड झाकलेलं असेल, त्यातून आधीचं सिझर असेल, तर फार आशा धरू नका. शेवटच्या महिन्यांत पिशवीचा खालचा भाग ताणून पातळ होतो. वार ताणत नाही, म्हणून सुटते आणि रक्त जातं. कळांनी तोंड उघडू लागलं की ती आणखी सुटते, आणि मध्यरात्री धावपळीत करायचं सिझर आईलाही जड, बाळालाही. म्हणून काही त्रास नसला तरी ३६ ते ३७ आठवड्यांमधली तारीख धरतात. रक्त जात असेल तर त्याच्याही आधी.

प्रतिसाद २: मला तारखेपेक्षा जुन्या सिझरच्या व्रणाची काळजी जास्त वाटते. वार त्यात रुतली आहे का, हे अनुभवी सोनोलॉजिस्टकडून कलर डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) बघून घ्याच. वार तोंडावर आणि आधी एक सिझर, तर हा धोका साधारण ११ टक्के. दोन सिझर असतील तर ४० टक्के. रुतलेली वार ओढली की रक्त आवरत नाही. अशा वेळी बाळ काढून, वार आत तशीच ठेवून बहुधा गर्भपिशवीच काढावी लागते. हे संमतीपत्रावर सही करताना पहिल्यांदा कळू नये. रक्तपेढी, आयसीयू आणि नवजात बालकांचा विभाग एकाच ठिकाणी असेल तिथेच नाव घाला.

प्रतिसाद ३: हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर आत्तापासून वाढवा. रक्ताच्या पिशव्या क्रॉसमॅच करून (तिच्या रक्ताशी जुळवून) आधीच राखून ठेवायला सांगा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्तस्राव झाल्यावर अँटी-डीचं इंजेक्शन लागेल का ते विचारा. संबंध टाळा. थोडंसं रक्त दिसलं, दुखत नसलं, तरी लगेच १०८ला फोन करा आणि फाइल सोबत घ्या. नवीन डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं: वार खाली आहे, बोटाने आतून तपासू नका.

प्रश्नकर्ती: मग ३६व्या आठवड्याला आतून सोनोग्राफी लिहून दिलीय, ती चालेल?

प्रतिसाद १: चालेल. प्रोब (योनीमार्गात घालायची सोनोग्राफीची कांडी) तोंडापासून अलीकडेच थांबतो, बोटासारखा तोंडात जात नाही. पोटावरच्या सोनोग्राफीपेक्षा त्यात अंतर नेमकं कळतं. वारेची कड तोंडापासून २० मिलिमीटर किंवा त्याहून लांब गेली असेल, तरच नॉर्मलचा विषय काढता येईल.