मदत हवी आहे: जीनोम तेवढाच, मग ओढ्यातल्या लॅम्प्रेत विविधता कमी का?

नमस्कार. मी अर्जुनी-मोरगाव तालुक्यातली, एमएस्सी प्राणिशास्त्र करते आहे. सेमिनारला लॅम्प्रे घेतलाय. भारतात हा प्राणी नाही. अंग वाम माशासारखं लांबुळकं, जबडाच नाही, तोंडाच्या जागी दातांची गोल चकती.

पहिला प्रश्न आकड्यांचा. समुद्री लॅम्प्रेचा जीनोम (पेशीतला सगळा डीएनए) २०१३ साली यकृतातल्या डीएनएवरून प्रसिद्ध झाला, २०१८ साली शुक्राणूंवरून. भ्रूण वाढत असतानाच शरीराच्या पेशी जवळपास पाचवा हिस्सा डीएनए टाकून देतात. त्यामुळे शुक्राणूत सुमारे २.३ अब्ज बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), तर रक्तात सुमारे १.८ अब्ज. मी यातला कोणता आकडा लिहू?

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. युरोपातला ब्रुक लॅम्प्रे जन्मभर गोड्या पाण्यातच राहतो. अळी काही वर्षं गाळात काढते, प्रौढ झाल्यावर काही खात नाही, अंडी घातली की मरतो. त्याचा जवळचा नातेवाईक रिव्हर लॅम्प्रे मात्र समुद्राकडे जाऊन येतो. दोघांच्या अळ्या वेगळ्या ओळखूही येत नाहीत इतक्या सारख्या, जीनोमही तेवढाच, तरी ओढ्यातल्या ब्रुक लॅम्प्रेत जनुकीय विविधता कमी.

हे वाचलं आणि आमचे मालगुजारी तलाव आठवले. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी खालच्या तलावात जातं, धानाच्या बांध्या भरतात, दाढक-मरळ हे मासे इकडून तिकडे होतात. उन्हाळ्यात बोडीत (लहान तळ्यात) गुडघाभर पाणी उरतं, तेवढ्यातच मासे जगतात. दाढकाची तलावागणिक विविधता तपासायची मनापासून इच्छा आहे. नमुने कसे घ्यावेत, कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, दोन्ही आकडे द्या, पण कोणत्या पेशीतला ते प्रत्येकासमोर लिहा. पूर्ण जीनोम म्हणायचा तो शुक्राणूतला.

आकार आणि विविधता यांची गल्लत होऊ देऊ नका. आकार बहुतांशी पुनरावृत्त डीएनएने फुगतो. विविधता म्हणजे एकाच जातीच्या दोन जीवांच्या डीएनएतला फरक. वीण करणारे किती आणि बाहेरून नवे किती येतात, यावर ती टिकते. ओढ्यात अडकलेल्यांचं दोन्हीकडून नुकसान होतं.

दाढक चांगला निवडलात. रोहू-कटल्याचं बीज बाहेरून आणून सोडतात, त्यात मूळचे कोण हे कळत नाही. तरी मासेमारी करणाऱ्या ढिवरबांधवांना विचारून घ्याच, कोणत्या तलावात काय सोडलं ते त्यांना पक्कं माहीत असतं. एकाच साखळीतले दोन तलाव घ्या आणि एक अगदी वेगळ्या नाल्यावरचा. परांचा बारीक तुकडा कापून इथेनॉलमध्ये ठेवा, मासा जिवंत सोडता येतो. प्रत्येक तलावातून वीस-तीस तरी हवेत. फक्त मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकावर थांबू नका, त्यात आईकडचाच वारसा दिसतो. मायक्रोसॅटेलाइटही (आई-वडील दोघांकडून येणारे, पुन्हा पुन्हा येणारे डीएनएचे छोटे तुकडे) तपासा. आणि पहिली फेरी पाऊस पडण्याआधीच उरका, पाणी चढलं की मासे मिसळतात.