मदत हवी आहे: लिमिट लिहिताना शून्याच्या डोक्यावरचं वजा चिन्ह

नमस्कार मंडळी,

दोन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय. टीआय-एन्स्पायर सीएएस कॅल्क्युलेटरवर |क्ष|/क्ष चं लिमिट (म्हणजे किंमत कशाच्या जवळ जाते ते) काढतोय, क्ष शून्याकडे जाताना. |क्ष| म्हणजे चिन्ह सोडून क्ष ची किंमत. साधं लिहिलं की 'अनडेफ' (अनडिफाइन्ड, म्हणजे उत्तर नाही) येतं. लिमिट भरायच्या तयार साच्यात शून्याच्या उजव्या खांद्यावर एक लहान रिकामा चौकोन असतो. त्यात वजा टाकलं तर −१, अधिक टाकलं तर १. मला आधी तो शून्याचा घातच वाटला होता.

मग साचा सोडून कमांड टाइप केली: लिमिट(|क्ष|/क्ष, क्ष, ०, −१). उत्तर −१. शेवटी १ लिहिला तर उत्तर १. म्हणजे मी जे देतो तेच परत येतंय! हा चौथा आकडा नक्की काय सांगतो? क्ष −१ कडे जातोय असं का? परवा परीक्षा आहे, आणि हे न समजता पुढे जायचं नाहीये.

उत्तर:
तुमचं उदाहरणच फसवं निघालं. क्ष शून्याकडेच जातोय, ते तिसऱ्या जागी लिहिलंय. चौथा आकडा फक्त दिशा सांगतो: ऋण असेल तर डावीकडून, धन असेल तर उजवीकडून. त्याची किंमत कुठेच वापरली जात नाही, नुसतं चिन्ह बघितलं जातं. खांद्यावरचा वजाही तोच. ०⁻ म्हणजे शून्याहून लहान संख्यांच्या बाजूने शून्याकडे.

हातानेच करून बघा. क्ष = −०.००१ घेतला तर वर ०.००१, खाली −०.००१, भागाकार −१. शून्याच्या कितीही जवळ जा, डावीकडे −१ च राहतं आणि उजवीकडे १. दोन्ही बाजू जुळत नाहीत, म्हणून दिशा न देता विचारलं की 'अनडेफ'. ती मशीनची चूक नाही, तेच बरोबर उत्तर आहे. मात्र 'अनडेफ' दिसलं की दरवेळी दोन बाजूंचं भांडण समजू नका. साइन(१/क्ष) ला शून्यापाशी एका बाजूनेही लिमिट नाही.

आता चौथ्या जागी ५ टाका. नंतर ३|क्ष|/क्ष घेऊन −१ टाका. आणि पेपरात क्ष→०⁻ असंच लिहा, ती चौथी जागा कॅल्क्युलेटरपुरती.

मूळ प्रश्नकर्ता:
५ टाकला, उत्तर १ च! आणि ३|क्ष|/क्ष ला −३ आलं. १/क्ष पण करून पाहिलं: वजाला −∞, अधिकला ∞, काहीच न टाकता 'अनडेफ'. मनापासून आभार.