नाशिक ते आझाद मैदान पायी, 300 माणसं, हवामानबदलाच्या मागण्या: आखणी कशी करावी?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना, नाशिकहून पदयात्रा काढायचं ठरतंय. द्राक्ष आणि कांदा उत्पादक, शेतमजूर बाया, कॉलेजची मुलं मिळून 300 जण. मागण्या तीन: अवकाळी-गारपिटीची भरपाई, उन्हात राबणाऱ्यांसाठी उष्णतेचा कृती आराखडा, गावोगावी हवामान केंद्र. अंतर साधारण 180 किमी. सहा दिवसांत होईल का? परवानगी कुणाकुणाची? पाणी, जेवण, संडास यांचा हिशेब कसा धरायचा?

पायवाट:
सहा दिवस धरू नका, नऊ धरा. 2018 चा किसान लाँग मार्च 6 मार्चला सीबीएस चौकातून निघून 12 मार्चला पहाटे आझाद मैदानात पोचला. म्हणजे दिवसाला 30 किमीच्या आसपास. सोललेल्या तळव्यांचे ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. तुमच्यात सराव नसलेली मुलं असणार. पहिल्या दिवशी 15 किमीच चाला, पुढे 20 ते 22, आणि मधला एक दिवस अर्धाच ठेवा. मोठा समूह विश्रांती धरून तासाला तीन किलोमीटरच कापतो. एकट्या माणसाच्या चालीवर वेळापत्रक बांधलं की दुसऱ्याच दिवशी शेपूट अंधारात सापडतं.

रचना वारीतल्या दिंडीसारखी करा. 25 ते 30 जणांची एक दिंडी, तिला क्रमांक, एक प्रमुख, हजेरीची वही. सकाळी निघताना, दुपारी आणि मुक्कामाला अशी तीनदा मोजणी. चोपदाराने दंड वर केला की वारी शांत होते, तशी एक खूण तुम्हीही ठरवा. रस्त्यावर ओरडून कुणालाच काही ऐकू जात नाही. सगळ्यात हळू चालणारे पुढे ठेवा. ते मागे राहिले की रांग एक-दीड किलोमीटर ताणते आणि मधल्या फटीत वाहनं घुसतात.

मुक्काम वाडीवऱ्हे, घोटी, इगतपुरी, कसारा, आटगाव, वासिंद, पडघा, ठाणे, मुंबईतलं सोमय्या मैदान यांच्या आसपास पडतील. समृद्धी महामार्ग इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झाला असला तरी त्यावर पायी जाता येत नाही, तो विचार सोडा. कसारा घाट उजेडातच उतरा. वळणांवर रस्त्याची कड अरुंद आहे आणि अवजड वाहनं ब्रेक तापवत उतरतात. पुढे-मागे पोलिसांची गाडी असेल तरच घाटात शिरा. दोन-दोनची रांग, दोन्ही टोकांना परावर्तक पट्ट्यांची जाकिटं आणि लाल झेंडी. उतारावर अंगठ्याची नखं बुटाला आपटून काळी पडतात, आदल्या रात्री नखं कापायला सांगा.

शिदोरी:
पाण्यापासून सुरू करते, कारण बहुतेक यात्रा तिथेच अडकतात. प्यायला माणशी 6 लिटर म्हणजे 1800. स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं यांना माणशी 10, म्हणजे 3000. रोज 5000 लिटरचा एक टँकर लागेलच, अंघोळीचं मुक्कामाच्या गावात बघा. टँकर नाशिकहून मुंबईपर्यंत ओढू नका, प्रत्येक टप्प्यावर ग्रामपंचायतीशी आधी बोलून भरून घ्या.

प्रत्येक भरणीला टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाका: 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 5000 ला 25 ग्रॅम. पावडर थेट टँकरमध्ये ओतू नका. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी ओता, अर्धा तास थांबा, मग ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी चाचणी) करा. पिवळा रंग आला तर पाणी चालेल. उघड्या पिशवीतली जुनी टीसीएल निकामी झालेली असते. माप बरोबर असूनही रंग येत नाही तो त्यामुळे.

जेवण: सकाळी पोहे 25 किलो, रात्री खिचडी (तांदूळ 30 किलो, मूगडाळ 12 किलो). दुपारी मात्र भाकरी आणि सुकी चटणी किंवा ठेचा, शिजवलेला भात नको. सकाळी शिजवून झाकलेला भात दुपारपर्यंत उन्हात नेला की हमखास पोटं बिघडतात. रात्रीची खिचडीही दोन घाण्यांत करा आणि शिजल्यापासून दोन तासांत संपवा. दुपारच्या 600 भाकऱ्या यात्रेच्या चुलीवर होणार नाहीत. वाटेतल्या गावांना घरटी पाच भाकऱ्या मागा, 120 घरं झाली की काम झालं. त्यातून गावही यात्रेत येतं, हे मला भाकरीइतकंच मोलाचं वाटतं. गॅस 19 किलोचा व्यावसायिकच घ्या, घरगुती सिलिंडर अशा कामाला चालत नाही.

मलमपट्टी:
उन्हाबद्दल कुणीच लिहिलं नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या कार्यक्रमात उष्माघाताने 14 माणसं गेली, तीही बसलेली. कोकणपट्टीत उतरलात की दमटपणामुळे घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. नाशिकला सोसलं ते ऊन पडघ्याला सोसेलच असं नाही. पहाटे 5 ते 10 आणि संध्याकाळी 4 ते 7 एवढंच चाला. दुपारचे सहा तास सावलीत, आणि ती सावली आधी जाऊन पाहून ठेवलेली हवी.

नुसतं पाणी ढोसूनही पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामातून मीठ जातं. ओआरएसचं एक पाकीट एका लिटरलाच. अर्ध्या पेल्यात कालवून दिलं की उलट्या होतात. 300 जणांना रोज 300 पाकिटं धरा. कुणी असंबद्ध बोलायला लागलं किंवा झोकांड्या खाऊ लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर आधी थंड करा, मग गाडीत घाला: कपडे सैल, अंगावर पाणी, वारा, मानेला-काखेत-जांघेत बर्फ. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी अजिबात ओतू नका. 108 ला फोन त्याच मिनिटाला. घोटी आणि इगतपुरीच्या ग्रामीण रुग्णालयांना, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाला तारखा आधीच पत्राने कळवा.

पाय: नवे बूट घालून कुणालाही येऊ देऊ नका. सुती मोजे भिजतात आणि घासतात, पातळ नायलॉनच्या मोज्यावर दुसरा मोजा चढवा. लाल झालं की तिथेच मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) लावा, फोड यायची वाट पाहू नका. फोडाची कातडी सोलायची नाही.

गोदाकाठ:
खूप उपयोगी. बायांची संख्या निम्मी आहे. शाळांत मुक्काम केला तर संडास पुरतील का?

शिदोरी:
नाही पुरणार, ताई. जिल्हा परिषदेच्या शाळेत चार-पाच असतात, त्यातले एक-दोन बंद. 25 जणांमागे एक धरून 12 फिरती शौचालयं भाड्याने घ्या, त्यातली 7 बायांची, आणि ती अंधारात नको, दिव्याखाली. सॅनिटरी पॅड आणि टाकायला कागदी पिशव्या प्रत्येक दिंडीप्रमुख ताईकडे. शाळेसाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, दोघांचं लेखी हवं. मंगल कार्यालय धरणार असाल तर लग्नतिथी पाहून आत्ताच सांगून ठेवा.

कलम एकोणीस:
पोलिसांची पाच कार्यालयं लागतात: नाशिक शहर आयुक्तालय, नाशिक ग्रामीण, ठाणे ग्रामीण, ठाणे आयुक्तालय (भिवंडी त्यात येते) आणि मुंबई. प्रत्येकाला किमान चार आठवडे आधी अर्ज द्या. त्यात रोजचा मार्ग, वेळ, संख्या, वाहनांचे क्रमांक, मुक्कामाची जागा हवी. शिक्क्यासह पोच घ्या, तोंडी होकार धरू नका. भोंगा रात्री 10 ते सकाळी 6 बंद.

अडचण शेवटच्या टप्प्यात येते. लडाखच्या मागण्यांसाठी सोनम वांगचुक यांची पदयात्रा 1 सप्टेंबर 2024 ला लेहहून निघाली आणि 30 सप्टेंबरला सिंघू सीमेवर अडवली गेली, कारण त्याच सुमारास दिल्लीत कलम 163 ची जमावबंदी लागली होती. मुंबईतही आझाद मैदानावरच्या ऑगस्ट 2025 च्या मराठा आरक्षण आंदोलनाला परवानगी होती ती एका दिवसाची, 5000 माणसांची, सकाळी 9 ते संध्याकाळी 6. म्हणून सोमय्या मैदानाची रात्र आणि आझाद मैदानातला दिवस यांचे अर्ज वेगवेगळे करा. दहावी-बारावीच्या परीक्षा त्याच काळात असतात. 2018 ला मोर्चा रात्रीतून शहरात शिरला तो मुलांना पेपरला जाताना कोंडी नको म्हणूनच. तुम्हीही तसंच करा.

आता मागण्या. 'हवामानबदलावर कृती करा' एवढं लिहिलंत तर निवेदन कुठल्याच टेबलावर थांबणार नाही. प्रत्येक मागणीला खातं, तारीख आणि मोजमाप द्या. द्राक्षाच्या हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई महसूल मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर ठरते. मंडळात अनेक गावं असतात, पाऊस एका शिवारात पडतो आणि केंद्र भलतीकडे. म्हणून 'अमुक तालुक्यांत प्रत्येक ग्रामपंचायतीत केंद्र, अमुक तारखेपर्यंत, नोंदी जाहीर' असं मागा. कांद्याचं वेगळं आहे. खरीप 2025 पासून राज्यात एक रुपयाचा पीक विमा बंद झाला आणि स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान हे निकष गेले. ते परत आणा असं नेमकं लिहा, कृषी विभागाला. उष्णतेची मागणी मदत व पुनर्वसन आणि कामगार, दोन्ही खात्यांना: दुपारी 12 ते 4 कामाला सुट्टी, रोहयोच्या कामावर सावली आणि पाणी. हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा अनुच्छेद 14 आणि 21 खालचा हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये माळढोकच्या खटल्यात म्हटलंय, तो दाखला पहिल्या परिच्छेदात घाला.

मंत्र्यांना भेटायला सात जणांपेक्षा जास्त नकोत, त्यात निम्म्या बाया. उत्तर लेखीच घ्या, सहीचं, तारखेसह, आणि ते मैदानात सगळ्यांसमोर वाचल्याशिवाय परतीच्या गाड्या बोलावू नका. गाड्यांवरून आठवलं, कसाऱ्याच्या लोकल आणि नाशिककडच्या रेल्वेचं वेळापत्रक प्रत्येक दिंडीप्रमुखाकडे छापील द्या. संध्याकाळी 6 ला मैदान रिकामं केल्यावर 300 दमलेली माणसं सीएसएमटीच्या फलाटावर शोधणं फार अवघड जातं.