बेंच प्रेस करताना छातीचं टेंडन तुटलं, ऑपरेशन लगेच करावं की थांबावं? (बडोदा)

करेलीबाग_ताई

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ, वय ३१, रोज जिमला जाणारा. गेल्या रविवारी बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजन वर ढकलायचा व्यायाम) करत होता, बार छातीपर्यंत खाली आणला आणि वर ढकलायला गेला तेवढ्यात उजव्या काखेपाशी कापड फाटल्यासारखा आवाज आला आणि हातातला जोरच गेला, शेजारच्या मुलाने बार पकडला म्हणून निभावलं. त्या रात्री नुसतं दुखत होतं पण दोन-तीन दिवसांत दंड कोपरापर्यंत काळानिळा झाला, आणि काखेची पुढची जी जाड कड असते ना ती उजवीकडे दिसतच नाहीये, तिथे खड्डा पडल्यासारखं वाटतं.

घराजवळच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला, हाड व्यवस्थित आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि आराम सांगितला. दुसऱ्या ऑर्थोपेडिककडे गेलो तर त्यांनी हाताने तपासून सांगितलं की छातीच्या स्नायूचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, हाडापासून सुटलेलं वाटतंय, एमआरआय करा आणि ऑपरेशनचं लांबवू नका. आता घरात दोन पक्ष पडलेत. बाबा म्हणतात स्नायू आहे, आपोआप जुळेल, आखाड्यात नेऊन मालीश करून घेऊ. भाऊ म्हणतो हात वर जातोय, चहाचा कप उचलता येतोय, मग चिरफाड कशाला. मला खरंच कळत नाहीये. कोणी यातून गेलंय का? थांबलं तर काय बिघडेल?

दांडियाबाजार_वाला

ताई, मी गेलोय यातून, माझं डावीकडचं होतं आणि तेही बेंचवरच. तुम्ही लिहिलंय ते सगळं अगदी तसंच, आवाज, मग दंडावर उतरलेलं काळंनिळं, काखेची कड गायब. एक गोष्ट आधी सांगतो, एमआरआय करताना सेंटरवाल्यांना स्पष्ट सांगा की छातीच्या स्नायूचं टेंडन बघायचंय, चिठ्ठीवर डॉक्टरांकडून तसं लिहूनच घ्या. नेहमीचा खांद्याचा एमआरआय रोटेटर कफसाठी (खांद्याच्या सांध्याभोवतीचे छोटे स्नायू) असतो, तो बऱ्याचदा एवढा खाली येतच नाही, माझा पहिला रिपोर्ट त्याचमुळे नॉर्मल आला आणि दुसऱ्यांदा मशीनमध्ये जावं लागलं.

ऑपरेशन म्हणाल तर पूर्ण भूल देतात, खांद्यापासून काखेच्या पुढच्या बाजूने काही सेंटीमीटरचा छेद असतो. सुटलेलं टोक शोधतात, मोकळं करतात आणि दंडाच्या हाडावर त्याच्या मूळ जागी परत बसवतात, त्यासाठी हाडात छोटे अँकर (दोरे लावलेले स्क्रू) नाहीतर मेटलचं बटण घालतात आणि त्याच्या जाड दोऱ्यांनी टेंडन शिवून टाकतात. मला अँकर घातलेत, आत आहेत हे जाणवतही नाही. दुखणं पहिले काही दिवस जास्त, नंतर त्रास होतो तो स्लिंगचा, म्हणजे हात गळ्यात अडकवायच्या पट्ट्याचा, बनियन घालायलासुद्धा दुसरं माणूस लागतं. पण आज हाताला जोर आहे आणि मी केलं याचं मला समाधान आहे. इन्शुरन्स असेल तर इम्प्लांटचा खर्च वेगळा लिहून मागा, पॉलिसीत तो किती मिळतो ते आधीच विचारून ठेवा, डिस्चार्जच्या दिवशी धावपळ नको.

फिजिओ_बडोदा

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं वाचून मला दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं गंभीरपणे घ्यावंसं वाटतं.

आधी भावाच्या मुद्द्याचं बोलते. हात वर जातोय म्हणजे छातीचा स्नायू शाबूत आहे असं होत नाही. हात वर उचलायचं काम मुख्यतः खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूचं आणि रोटेटर कफचं आहे, पेक्टोरॅलिस मेजर हा छातीचा स्नायू हात शरीराकडे ओढतो आणि आत वळवतो. म्हणजे ढकलणं, कवेत घट्ट धरणं, दोन हातांमध्ये जड खोका दाबून उचलणं, ही त्याची कामं. कप उचलायला तो लागतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि या स्नायूचे दोन भाग असतात, एक कॉलरबोनवरून येतो आणि दुसरा मोठा छातीच्या मधल्या हाडावरून आणि बरगड्यांवरून. बहुतेक वेळा खालचा मोठा भाग सुटतो आणि वरचा शाबूत राहतो, त्यामुळे हाताला थोडी शक्ती राहते आणि सगळ्यांना वाटतं की नुसतं लचकलंय.

तोच भाग का सुटतो तेही सांगते, कारण मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. या स्नायूचे धागे दंडाच्या हाडाकडे जाताना ओलं धोतर पिळावं तसे पिळले जातात, म्हणजे छातीवर जे सगळ्यात खालचे धागे असतात ते हाडावर सगळ्यात वर जाऊन चिकटतात. बार छातीला टेकतो तेव्हा कोपर शरीराच्या मागे जातं आणि हे खालचे धागे बाकीच्यांपेक्षा जास्त ताणले जातात, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण त्यांच्याकडून पूर्ण जोर मागतो. म्हणून बार खाली उतरताना किंवा तळातून वर यायला लागताना हे होतं, वर हात सरळ असताना सहसा होत नाही.

पहिल्या डॉक्टरांवर राग धरू नका. ही दुखापत पहिल्यांदा लिहिली गेली ती १८२२ साली पॅरिसमध्ये, पातिसिए नावाच्या डॉक्टरांनी, मांसाच्या दुकानातला एक मुलगा जड वजन उचलत होता त्याला झालेली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ती अगदी क्वचितच नोंदली गेली. जिम आणि बेंच प्रेस पसरल्यावर केसेस वाढल्या, मुख्यतः वीस ते चाळीस वयाच्या पुरुषांत. सुजेत ती झाकली जाते आणि एक्सरेत सहसा हाडाचा तुकडा निघाला असेल तरच काही दिसतं.

आता थांबलं तर काय. टेंडन हाडावरून पूर्ण सुटलं असेल तर स्नायू त्याला छातीच्या मध्याकडे ओढून घेतो आणि ते तिथेच आजूबाजूला चिकटायला लागतं, आपणहून परत हाडावर येऊन जुळत नाही. साधारण पहिल्या सहा आठवड्यांत ते टोक सहज सापडतं आणि जागेवर आणता येतं. उशीर झाला म्हणजे दार बंद होतं असं नाही, महिन्यांनंतरही ऑपरेशन करतात, पण ते अवघड असतं, कधी टेंडन पोहोचतच नाही आणि मग मांडीच्या मागचं टेंडन काढून किंवा दुसऱ्याचं दान केलेलं टेंडन वापरून जोडावं लागतं. म्हणून तीन आठवडे आराम करून बघू हा सल्ला इथे मला धोक्याचा वाटतो, निदान एमआरआय होईपर्यंत तरी.

तोवर हात स्लिंगमध्ये, दिवसातून काही वेळा कपड्यात गुंडाळून बर्फ, आणि मालीश अजिबात नाही. बोटं, मनगट हलवत राहू दे.

सुरसागर_काका

पोरी, तुझ्या बाबांच्या वयाचा आहे म्हणून लिहितो. लहानपणापासून आखाड्यात गेलेला माणूस आहे मी, दंड, जोर, मल्लखांब सगळं केलंय, आणि बडोद्यात व्यायामगुरू माणिकरावांच्या काळापासून आखाड्यात हाडं-सांधे बघायची परंपरा आहे, त्यावर माझी श्रद्धा आहे. पण निखळलेला सांधा वेगळा आणि हाडावरून सुटलेलं टेंडन वेगळं, ते हाताने बसत नाही. बाबांना सांग, आतमध्ये ताजं रक्त साकळलेलं असताना चोळलं तर सूज आणि रक्तस्राव वाढतो, कुठलाही जाणता वस्ताद त्याला आत्ता हात लावणार नाही.

दुसरी बाजूही सांगतो. मला साठीत असंच झालं होतं, दुकानाचं शटर ओढताना. पण माझं मधल्या मांसल भागात आणि अर्धवट फाटलं होतं, टेंडन हाडाला धरून होतं. डॉक्टर म्हणाले तुम्हाला ऑपरेशन नको, मांसाला टाके धरत नाहीत, स्लिंग आणि नंतर व्यायाम यानेच बरं होईल, आणि झालं. वजन उचलायचं नसलेल्या वयस्कर माणसाने पूर्ण सुटलेलंसुद्धा तसंच ठेवलं तर रोजची कामं होतात, थोडा जोर कमी राहतो आणि छाती दिसायला वाकडी राहते. तुझा भाऊ ३१ चा आहे, त्याला पुढची पन्नास वर्षं तो हात वापरायचाय. तेव्हा कुठे फाटलंय आणि किती, हे आधी बघा.

रावपुरा_जिम

भावासाठी एक लिहितो, ताई तुम्ही त्याला फोनवर वाचायला द्या. कुठली इंजेक्शनं किंवा स्टेरॉइड घेतली असतील तर सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला खरं सांग, घरच्यांसमोर नको तर एकटं भेटून सांग. या दुखापतीत स्टेरॉइडचा संबंध बऱ्याच वेळा निघतो कारण स्नायू भराभर वाढतो आणि टेंडन त्या वेगाने मजबूत होत नाही. डॉक्टर पोलिसात देत नाहीत रे, त्यांना भूल देताना आणि जखम भरताना ही माहिती लागते. नसशील घेत तर उत्तमच, पण व्हे प्रोटीन (साधी प्रोटीन पावडर) वेगळं आणि स्टेरॉइड वेगळं, ते एक समजू नकोस.

करेलीबाग_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, काका तुमचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं, ते गप्प बसून ऐकत होते आणि मग म्हणाले करा एमआरआय. रिपोर्ट आलाय, खालचा मोठा भाग हाडावरून पूर्ण सुटलाय आणि आत ओढला गेलाय, वरचा भाग ठीक आहे. सर्जननी पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय. एसएसजी या इथल्या सरकारी हॉस्पिटलच्या ऑर्थो विभागातही एक मत घेतलं, तेही हेच म्हणाले, त्यामुळे आता मन स्थिर आहे. भाऊ घाबरलाय पण तयार आहे. त्याचे दोनच प्रश्न, लॅपटॉपवर काम कधी करता येईल आणि नवरात्रात गरबा खेळता येईल का, यंदा नवरात्र साधारण चार महिन्यांवर आहे.

फिजिओ_बडोदा

चांगलं केलंत. लॅपटॉपचं सोपं आहे, स्लिंग असतानाही कोपर अंगाला टेकवून टायपिंग बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत जमतं, मात्र माऊससाठी हात बाजूला लांब न्यायचा नाही, माऊस डाव्या हातात घ्यायला आत्तापासूनच शिकू दे. झोपताना पाठीवर, थोडं उंच टेकून आणि दंडाखाली उशी, म्हणजे कोपर मागे पडत नाही. स्लिंग साधारण चार ते सहा आठवडे, तोवर हात बाहेर वळवणं आणि पाठीमागे नेणं बंद. मग हळूहळू पूर्ण हालचाल, तीन महिन्यांच्या आसपास हलका रबर बँड आणि भिंतीवरचे पुश-अप. बेंचचं नाव सहा महिन्यांच्या आधी नको, आणि तेव्हाही अरुंद पकड, कमी वजन, बार छातीपर्यंत न टेकवता. एकाच रेपचं, म्हणजे एकदाच कसंबसं उचलता येईल असं, जास्तीत जास्त वजन उचलायचा हट्ट मात्र बरेच सर्जन कायमचाच सोडायला सांगतात.

गरब्याचं म्हणाल तर चार महिन्यांनी पाय मोकळे असतील आणि टाळीपुरता हातही चालेल, पण मोठ्या मैदानातल्या गर्दीत कोणी हात धरून ओढला किंवा धक्का लागून तो हातावर पडला तर टाके तुटू शकतात. सोसायटीच्या छोट्या गरब्यात, कडेकडेने, दांडिया न घेता खेळायला हरकत नसावी. त्या आधी सर्जनला हात दाखवून परवानगी घ्या, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या व्हिजिटला त्यांचा व्यायामाचा तक्ता लेखी मागून घ्या, तुमचा फिजिओ कोणीही असो, त्याला त्यांनी काय शिवलंय आणि कसं शिवलंय ते माहीत असायला हवं.